हातांच्या वर्तुळात गूढ ते काय?

कुंग-फूचा चित्रपट पाहून आलेली मुले दुसऱ्या दिवशी शाळेत हात गोल गोल फिरवू लागतात. "हे कशासाठी रे?" असे विचारले, तर उत्तर मिळते, "सर, त्याने अंगात शक्ती येते!" माझ्या मते हे उत्तर चूक आहे, आणि खरे उत्तर त्याहून कितीतरी मजेदार आहे.

मित्राला तुमचे मनगट घट्ट धरायला सांगा. सरळ मागे ओढलेत, तर त्याची सगळी पकड तुम्हाला अडवते. आता कोपर अंगाजवळ ठेवून मनगट त्याच्या अंगठ्याच्या दिशेने गोल फिरवा. आपले मनगट चपटे असते. फिरताना त्याची अरुंद कड अंगठा आणि बोटे यांच्यामधल्या फटीसमोर येते, आणि तिथे पहारा एकट्या अंगठ्याचा! शिवाय तुमचा हात तरफेचे काम करतो. (हिसका मात्र देऊ नका, मित्राचा अंगठा दुखावेल.)

ठोशाचेही असेच. समजा, येणारी मूठ तोंडापासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि ती १० सेंटिमीटर बाजूला गेली की तुम्ही वाचता. समोरून थोपवायची तर तिचा सगळा संवेग नाहीसा करावा लागेल. बाजूने वळवायला ढोबळ हिशेबाने त्याचा पाचवा हिस्सा पुरतो. गोल फिरणारा हात मुठीला बाजूनेच भेटतो.

दक्षिण चीनमधील विंग चुन पद्धतीत आपला हात प्रतिस्पर्ध्याच्या मनगटाभोवती, स्पर्श न सोडता, बाहेरून आत नेतात. त्याचा हात कुठे वळतो आहे हे त्वचेलाच कळते. हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या ताय-चीत या फिरकीला रेशीम उलगडण्याची उपमा देतात. कोशातून धागा काढताना ओढ एकसारखी हवी. हिसका बसला की धागा तुटतो. इथे तुटतो तो स्पर्श.

पण संथपणे केलेले प्रात्यक्षिक म्हणजे पुरावा नव्हे. २०१७ साली चेंगडू शहरात एका ताय-ची शिक्षकाची आधुनिक मिश्र युद्धक्रीडेतील खेळाडूशी लढत झाली आणि ती काही सेकंदांतच संपली. ताय-ची शिक्षक हरले. त्यावरून वर्तुळ खोटे ठरले असे मी म्हणणार नाही. पण मुकाट्याने साथ देणाऱ्या शिष्यावर चालणारी युक्ती प्रतिकार करणाऱ्यावर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून शारीरिक शिक्षणाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा. ठोशांचा प्रयोग नको, मनगटाचा पुरे. जोडीदाराला "सोडू नकोस" असे बजावावे. प्रत्येकाने दहा वेळा सरळ ओढून पाहावे, दहा वेळा फिरवून, आणि आकडे फळ्यावर मांडावेत. वर्गातल्या एखाद्या बलदंड मुलापुढे वर्तुळही हरेल. तो आकडा पुसू नये.