ताना मोजता येतात, राग निवडावा लागतो

सात स्वर, एकही न गाळता आणि एकही दोनदा न घेता, ५,०४० प्रकारे मांडता येतात. त्यांतला हजारावा प्रकार कोणता, हे संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाकडेही याचे उत्तर होते. यादवराजा सिंघणाच्या दरबारात हिशेबाचा कारभार पाहणाऱ्या या पंडिताने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. क्रमांकावरून तान, म्हणजे स्वरांचा क्रम, शोधण्याच्या रीतीला त्यात ‘नष्ट’ म्हटले आहे, तानेवरून क्रमांक काढण्याला ‘उद्दिष्ट’, आणि दोन्हींसाठी लागणारे आकड्यांचे कोष्टक म्हणजे खंडमेरू.

रीत समजायला चार स्वर पुरेत. स, रे, ग, म यांच्या चोवीस ताना होतात. पहिल्या सहांच्या शेवटी म असतो, पुढच्या सहांच्या शेवटी ग, मग रे, मग स. पंधरावी तान हवी असेल तर ती तिसऱ्या गटात पडते, म्हणजे शेवटचा स्वर रे. उरलेल्या स, ग, म यांच्या सहा मांडण्या याच नियमाने लावल्या तर तिसरी येते समग. पंधरावी तान झाली समगरे. यादृच्छिक संगीत रचणारे सॉफ्टवेअर मुळाशी हेच करू शकते: एक ते चोवीसमधला कोणताही आकडा उचलायचा आणि त्याची तान वाजवायची.

पण नुसते आकडे उचलत गेले की कान लवकरच कंटाळतो, कारण एका तानेचा दुसरीशी संबंध लागत नाही. बीजगणित उपयोगी पडते ते इथे. स्वरांच्या जागा बदलण्याच्या या चोवीस क्रियांचा मिळून एक ‘ग्रुप’ होतो. दोन क्रिया लागोपाठ केल्या की तिसरी त्यांच्यातलीच निघते, आणि प्रत्येक क्रिया उलटवता येते. त्यामुळे प्रोग्राम एका तानेवरून दुसरीवर ठरलेल्या पायरीने जाऊ शकतो. शेजारच्या दोन स्वरांचीच अदलाबदल करायची असे बंधन घातले तर प्रत्येक नवी तान आधीच्या तानेची नातलग वाटते. इंग्लंडमधल्या चर्चचे घंटावादक शेकडो वर्षे हेच करत आले आहेत. सात घंटांचे सगळे क्रम वाजवायचे तर तिथेही आकडा ५,०४०च, आणि वेळ सुमारे तीन तास.

गंमत अशी, की घन फिरवून पुन्हा त्याच जागी बसवण्याचेही नेमके चोवीस प्रकार आहेत आणि त्यांचा ग्रुप रचनेने चार स्वरांच्या ग्रुपसारखाच आहे. ग्रीक वंशाचे संगीतकार यानिस झेनाकिस यांनी १९६६ च्या ‘नोमोस आल्फा’ या चेलोच्या रचनेत घनाच्या याच फिरण्यांचा आधार घेतला. शार्ङ्गदेवाच्या चार स्वरी ताना आणि झेनाकिस यांचा तो चेलो बीजगणिताच्या लेखी सख्खे शेजारी आहेत.

मूर्च्छनेचे, म्हणजे त्याच स्वरांपैकी दुसऱ्याला षड्ज मानण्याचे, गणित याहून सोपे आहे. सप्तकातले बारा स्वर घड्याळासारखे वर्तुळात मांडले आणि सा पासून पंचमाच्या अंतराने, म्हणजे सात-सात घरे, उड्या मारल्या तर सा, प, रे, ध, ग असे येते. हेच भूप रागाचे स्वर. आता त्याच्या गंधाराला षड्ज मानले तर मालकंसाचे स्वर मिळतात, पंचमाला मानले तर दुर्गाचे, धैवताला मानले तर धानीचे. शंभर ओळींच्या आतला प्रोग्राम हे करून दाखवू शकतो.

मात्र भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. एकात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, दुसऱ्यात धैवत. चालही वेगळी, गाण्याची वेळही वेगळी. स्वरांचा संच तेवढा पाहणाऱ्या बीजगणिताला हे दोन राग एकच दिसतात. संगीतशास्त्रकार भातखंडे यांनाही हा पेच ठाऊक होता. हिशेबाने एका थाटातून ४८४ राग निघतात आणि हिंदुस्थानी पद्धतीत थाट बसतात बत्तीस. त्यांनी ठेवले दहा, आणि तेही गवय्यांच्या कंठात जे राग खरोखर होते ते ऐकून. भेंडीबाजार घराण्याने आणि उस्ताद अमीर खाँ यांनी खंडमेरूची मेहनत केली, पण मैफलीत रागाला मानवतील तेवढ्याच ताना घेतल्या. १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी संगणकाकडून ‘इलियाक सूट’ रचून घेतली, तेव्हाही यंत्र आकडे काढी आणि माणसाने घालून दिलेल्या नियमांत न बसणारे स्वर टाकून देई. टाकावे काय, हे ग्रुप सांगत नाही. म्हणून असे सॉफ्टवेअर रचनाकार म्हणून सामान्यच आहे. शिक्षक म्हणून मात्र ते उत्तम आहे, असे आमचे मत.

असे सॉफ्टवेअर इथे, जळगाव जिल्ह्यात, बनायला काहीच हरकत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला चोपडा, तर दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटण. पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. या मठाविषयीचा १२०७ चा शिलालेख तिथे आहे. हा चांगदेव सिंघणाचाच राजज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या शेवटी अंकपाश, म्हणजे अंकांच्या मांडण्या मोजण्याचे प्रकरण आहे. एकाच राजाच्या पदरी स्वरांचे क्रम मोजणारा पंडित होता आणि हे गणित शिकवण्याची सोय करणाराही.

बी.एस्सी.ची मुले ग्रुप थिअरी बहुधा परीक्षेपुरती घोकतात. पेटी-तबल्याच्या वर्गात बसणारी मुले पलटे घोकतात. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयांनी या दोघांना एका सत्रासाठी एका संगणकापुढे बसवावे. खर्च जवळजवळ नाही, लागणारी प्रोग्रामिंगची भाषा मोफत मिळते. प्रोग्राम गणिताच्या मुलांनी लिहावा. त्याने काढलेल्या तानांपैकी कोणती भूपाची, कोणती देसकाराची आणि कोणती कुणाचीच नाही, हे संगीताच्या मुलांनी सांगावे. विद्यापीठाने अशा कामाला प्रकल्प म्हणून गुण द्यावेत.