पोटातली वस्ती

पावसाळा लागला की पोलादपूर-महाडकडे घरोघरी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. मुलाला दोनदा जुलाब झाले की आपण कपाटात मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या शोधू लागतो. या घाईत कोणाचे नुकसान होते, ते आज पाहू या.

आपल्या आतड्यांत लाखो कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतले बहुतेक आपले सोबती आहेत. भाकरी, डाळ, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यापासून ते ब्यूटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला ताकद मिळते ती मुख्यतः यातूनच. अँटिबायोटिकने रोगजंतूंबरोबर हे सोबतीही मरतात आणि ही वस्ती पुन्हा बसायला कधी कधी महिने लागतात.

दुसरा धोका बाहेरून येतो. सावित्री महाबळेश्वरहून पोलादपूरमार्गे महाडला जाते आणि तिथे रासायनिक कारखान्यांची वसाहत लागते. आपण पोलादपूरकर नदीच्या वरच्या अंगाला आहोत खरे, पण खाडीची मासळी खालूनच येते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांमुळे आतड्यातल्या जीवाणूंचा समतोल बिघडतो, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे धातू जात नाहीत. म्हणून पाण्याचा रंग किंवा वास बदलला, मासे मरून तरंगू लागले, तर ते पाणी आणि ती मासळी घरात आणू नये. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावे.

दस्तरखान मात्र आपल्याच हातात आहे. तांदळाच्या भाकरीच्या जोडीला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पालेभाजी आणि ताक असू द्या. खारी, बिस्किटे, थंड पेये कमी करा. रमजानमध्ये इफ्तारीला भज्यांआधी खजूर, फळे आणि उकडलेले चणे ठेवा.

मुलाला जुलाब झाले तर आधी ओआरएस द्या आणि झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त पडले, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल झाले, तर लगेच दवाखाना गाठा. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि सांगितले तितके दिवस.

कपाटातल्या त्या उरलेल्या गोळ्या आजच काढून टाका.