मान मोडून काम करणाऱ्यांची मान

कष्टाचे वर्णन करताना आपण सहज म्हणून जातो, 'मान मोडून काम केले'. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो. चैत्रात पहाटे उठून, वाकून मोहफुले वेचायची. वैशाखात तेंदूची पाने तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि भारा डोक्यावर घेऊन फळी गाठायची. पाऊस लागला की चिखलात दिवस दिवस कमरेत वाकून धानाची रोवणी करायची. वर्षभर सरपणाची मोळी आणि पाण्याचे गुंड आहेतच. तिकडे बल्लारपूर, राजुऱ्याकडे खाणकामगार आहेत, ट्रकचालक आहेत, शिलाई यंत्रावर मान खाली घालून बसणाऱ्या बाया आहेत. कामे निरनिराळी, पण त्यांतल्या अनेकांची तक्रार मात्र एकच: मान दुखते, कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात.

या दुखण्याला लोक 'नस दबली' म्हणतात. नाव चुकीचे नाही, पण ते ऐकले की घरात भीती शिरते. आता ऑपरेशन होणार, हात लुळा पडणार! मग धावाधाव सुरू होते. कोणी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने खातो, कोणी फिरत्या डॉक्टरकडून इंजेक्शन टोचून घेतो, कोणी गळ्यात पट्टा अडकवतो आणि तो वर्षभर काढत नाही. कोणी ओळखीच्या माणसाकडून मान 'कडकन' मोडून घेतो. चार पैसे असतील तो नागपूर गाठून एमआरआय काढतो. या साऱ्या गर्दीत जो उपाय सर्वांत स्वस्त आहे तोच सर्वांत मागे राहतो. तो उपाय म्हणजे योग्य व्यायाम.

मुळात नस दबते म्हणजे काय होते? आपल्या मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यामधून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडून खांद्याकडे व हाताकडे जातात. दोन मणक्यांमधली चकती सरकली, किंवा वयोमानाने झीज होऊन मणक्याच्या कडेला हाड वाढले, की मज्जातंतूची बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. तंतूवर दाब येतो, त्याला सूज येते. म्हणून दुखणे मानेत उपजते आणि जाणवते हातात. सहावा तंतू दुखावला तर मुंग्या अंगठ्याकडे जातात, सातवा असेल तर मधल्या बोटाकडे, आठवा असेल तर करंगळीकडे. ओझे आणि वाकणे हेच याचे एकमेव कारण नव्हे. खुर्चीत बसून काम करणाऱ्यालाही हे दुखणे होते. पण ज्याचे पोट मानेवर आणि हातांवर अवलंबून आहे, त्याला ते अधिक महाग पडते.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की बहुसंख्य रुग्णांत हे दुखणे शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. सूज उतरते, बाहेर आलेली चकती पुष्कळदा आपोआप आक्रसते. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. मानेचे कसलेच दुखणे नसलेल्या माणसांच्या तपासणीतही अशा सरकलेल्या चकत्या आढळतात.

या बाबतीत नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणे नुकतेच सुरू झालेल्या २०५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला पट्टा आणि विश्रांती दिली, दुसऱ्याला सहा आठवडे फिजिओथेरपी व घरी करायचे व्यायाम दिले, तिसऱ्याला यांतले काहीच दिले नाही. सहा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी होते. सहा महिन्यांनी मात्र तिन्ही गट जवळजवळ सारखे बरे झाले होते.

कोणी म्हणेल, सहा महिन्यांनी सगळेच बरे होणार असतील तर व्यायामाचा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर गडचिरोलीच्या जंगलात आहे. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. रोवणी पावसाच्या मर्जीने चालते आणि कोणाची मान बरी होण्याची वाट पाहत नाही. पगारी रजेवर असलेल्या माणसाला सहा आठवडे म्हणजे थोडी गैरसोय, पण तेंदूवर वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागवणाऱ्या घराला ते वर्षाचे नुकसान आहे. पट्टा बांधून विश्रांती घेण्याचा सल्ला या घराला परवडत नाही. पट्टा पहिल्या काही आठवड्यांपुरता उपयोगी आहे, त्यापुढे तो मानेचे स्नायू दुबळे करतो. व्यायामाला ना दुकान लागते ना वीज.

हे व्यायाम अवघडही नाहीत. ताठ बसायचे, नजर समोर ठेवायची आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यायची. पाच आकडे मोजायचे, सोडायचे, असे दहा वेळा करायचे. दुसरा प्रकार असा, की तळहात कपाळावर ठेवून डोक्याने त्यावर हलकेच दाबायचे आणि हाताने तितकाच विरोध करायचा, म्हणजे मान हलत नाही पण स्नायू काम करतात. तसेच मागून आणि दोन्ही बाजूंनी करायचे. तिसरा, दोन्ही खांद्यांच्या पाती मागे आणि खाली ओढून धरायच्या. पहिल्या वेळी ते जाणकारासमोर करावेत. एक खूण मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हातातली कळ वर सरकत मानेकडे येऊ लागली तर ते सुधारणेचे चिन्ह समजावे, कळ आणखी खाली बोटांकडे उतरू लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवावा. मान गरगर फिरवण्याची सवय सोडावी आणि कोणाकडूनही झटका देऊन मोडून घेऊ नये.

'आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?' हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि तो रास्त आहे. पण राबण्यात शरीर एकाच दिशेने, त्याच त्या स्नायूंवर, थकवा येईपर्यंत ताणले जाते. व्यायामात दुर्लक्षित स्नायूंना मोजून-मापून काम दिले जाते. शेत रोज नांगरले म्हणून त्याची बांधबंदिस्ती आपोआप होत नाही, तसेच हे आहे.

व्यायाम हे सर्व दुखण्यांवरचे औषध मात्र नाही. हाताची ताकद झपाट्याने कमी होणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही खुद्द मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. तिथे एक दिवसही दवडू नये. मानदुखीबरोबर ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. झाडावरून पडल्यानंतर मान दुखू लागली तर ती तपासल्याशिवाय हलवू नये. चंद्रपूर जिल्ह्यातील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर हाडे कडक होतात, मणक्याची पोकळी अरुंद होते. अशा गावातला ताठरलेला पाठकणा नुसत्या व्यायामाने सुटणार नाही, तिथे पाणी बदलावे लागेल.

मणक्याचे दुखणे काय असते हे या भूमीला सांगायला नको. वरोऱ्याला आनंदवन उभारणारे बाबा आमटे मणक्याच्या विकाराने बसूच शकत नसत. ते उभे तरी राहत किंवा आडवे तरी होत. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते गाडीतल्या बिछान्यावर पडून देशभर फिरले. त्या जिद्दीपुढे मस्तक नमते. पण एका असामान्य माणसाने जे सोसले ते सामान्य मजुराने निमूटपणे सोसावे, असा त्याचा अर्थ आपण काढता कामा नये. सहनशीलता हा गुण आहे, आरोग्य खात्याचे धोरण नव्हे.

प्रश्न उरतो तो शिकवायचे कोणी. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला या, हे तिथल्या माणसाला सांगणे म्हणजे थट्टा. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये ते सुरू झाले. हे चांगलेच झाले, पण महाविद्यालय गावात चालत येत नाही.

वाट मात्र याच जिल्ह्याने दाखवून ठेवली आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांचे प्राण वाचवले. तो प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग बनला. याच संस्थेने पाठ, कंबर व सांध्यांची दुखणी हा गडचिरोलीच्या खेड्यांतला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे अभ्यासाने मांडले. शोधग्राममध्ये मुंबईचे मणकातज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे साहाय्यही तिला लाभले. जी बाई तान्ह्या बाळाचा श्वास मोजू शकते, ती हनुवटी मागे कशी घ्यायची हे शिकवू शकणार नाही काय?

मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट असावा. त्याने तालुक्यातल्या आशा कार्यकर्त्यांना आणि उपकेंद्रांवरच्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे मोजके व्यायाम आणि धोक्याची लक्षणे शिकवावीत. शिकवणी गोंडी आणि माडियातूनही व्हावी. तेंदूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, फळीवर माणसे जमतात तिथेच तिचा आरंभ व्हावा. या दोन जिल्ह्यांच्या जंगलावर आणि कोळशावर राज्याची तिजोरी भरते. ते जंगल आणि तो कोळसा ज्यांच्या मानेवरून बाहेर येतो, त्यांच्या मानेची एवढी काळजी घेणे हे आपले देणे लागते.