शिलोहाचा बुरूज, धामणकर नाका

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, चार वाजण्याच्या आत, भिवंडीत धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधल्या जिलानी इमारतीचा मोठा भाग कोसळला. सोमवार अजून उजाडायचा होता, माणसे अंथरुणात होती. सगळ्यांत आधी धावले ते आजूबाजूचे लोक. एनडीआरएफचे जवान येईपर्यंत त्यांनी हातांनी विटा उपसून कितीतरी जणांना बाहेर काढले होते. ढिगारा उपसण्याचे काम पुढे काही दिवस चालले. किमान 38 माणसे गेली. त्यांत लहान मुले बरीच होती.

पुढच्या रविवारी, 27 तारखेला, आमच्या मंडळीची उपासना मोबाइलवर झाली. टाळेबंदीमुळे चर्च बंद होते. प्रार्थनेचे विषय मागवले गेले. आजारी असलेल्यांसाठी प्रार्थना झाली, चर्च लवकर उघडावे म्हणून झाली, एका मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठीही झाली. भिवंडीचे नाव कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही. आमच्या ठाण्याहून भिवंडी जेमतेम पंधरा किलोमीटर. दुपारी ग्रुपवर एकाने मात्र लिहिले की महापालिका नोटिसा देते तरी हे लोक घर सोडत नाहीत, मग दुसरे काय होणार. त्याखाली पाच-सहा जणांनी हात जोडल्याची चित्रे टाकली.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूपुढे हाच विषय निघाला होता. यरुशलेमेत शिलोहाजवळचा बुरूज पडून 18 माणसे दगावली होती. ज्याच्या अंगावर कोसळले त्याचेच काहीतरी चुकले असणार, ही समजूत तेव्हाही होती. येशूने लोकांना विचारले, ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा अधिक दोषी होते असे तुम्हाला वाटते का? उत्तरही त्यानेच दिले, की नाही. आणि मग समोर उभ्या असलेल्या, जिवंत, धडधाकट माणसांना बजावले की तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचीही गत हीच होईल.

या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये एक शब्द आहे, त्यावर मी बरेच दिवस अडून राहिलो. दोनच ओळी आधी पिलाताने मारलेल्या गालीलकरांचा उल्लेख येतो, तिथे 'पापी' हा नेहमीचा शब्द आहे. बुरुजाखाली सापडलेल्यांसाठी मात्र वेगळा शब्द येतो, त्याचा सरळ अर्थ 'देणेकरी'. म्हणजे प्रश्न असा होता: देणे त्या अठरा जणांच्याच अंगावर होते का? येशू म्हणतो, नव्हते. मग ते कोणाच्या अंगावर होते?

भिवंडीत हा शब्द नवा नाही. तिथे देणेकरी म्हणजे कापडाच्या कारखान्यात सांचे, म्हणजे यंत्रमाग, चालवणारा. गावी लग्न निघाले, आई आजारी पडली, म्हणून शेठकडून उचल घेतलेली असते. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. बारा तासांची पाळी. वीज गेली की सांचा थांबतो, सांचा थांबला की मीटर पडत नाही आणि मीटर पडला नाही की त्या वेळेची मजुरी नाही. हिशेब मेहताजीच्या वहीत. वही मेहताजीचीच, पेनही त्याचेच. भाड्याच्या खोलीत दहा-बारा जण राहतात. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच गादीवर टेकतो. जेवण भिशीत, म्हणजे मजुरांच्या खानावळीत, तिथलेही खाते चढत असते. अशा माणसाला आपण देणेकरी म्हणतो.

आता दुसरी वही उघडू. तुमच्या-माझ्या घरातले पडद्याचे अस्तर, उशीचा अभ्रा, मुलाच्या गणवेशाचे कापड यांतले किती भिवंडीच्या सांच्यावर विणले गेले, याचा आपण कधी विचार केला? मोबाइलवर सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी दारात येते, ती पुष्कळदा माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामातून निघालेली असते. 29 एप्रिल 2023 ला याच पट्ट्यातल्या वळपाड्यात अशीच एक इमारत पडली, खाली गोदाम आणि वर राहती माणसे. आठ जण गेले. आपल्याला वस्तू स्वस्त मिळते, वेळेवर मिळते, याचे कारण कोणीतरी स्वतःच्या झोपेत, पोटात आणि छपरात काटकसर केलेली असते. ते देणे आपल्या अंगावर आहे आणि ते फेडायचे आहे हे आपल्या ध्यानीमनीही नाही.

जिलानी पडल्यानंतर काही महिन्यांनी मी भिवंडीला जाऊ लागलो. पुढे जाणे नियमाचे झाले. एका जुन्या चार मजली इमारतीत एक आजी राहतात. नवरा सांच्यावर होता, तो गेला. मुलगा टेम्पो चालवतो, सून घरात कपड्यांचे धागे कापते, नातू आठवीत आहे. जिन्याच्या भिंतीवर महापालिकेची नोटीस चिकटवलेली आहे. तिच्यावर चुना उडाला आहे, कडेला एका क्लासची जाहिरात आली आहे, पण 'धोकादायक' एवढे अजून वाचता येते. आजींच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग तिरकी खाली उतरते. नातवाने तिच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख घातली आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी तो एक रेघ मारतो. मी गेलो तेव्हा तीन रेघा होत्या. पहिल्या दोन जवळजवळ, तिसरी त्यांच्यापासून चांगली वीतभर खाली.

मी म्हटले, "आजी, इथे राहू नका हो."

त्या रागावल्या नाहीत. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "बाबा, घर सोडा असं कागदावर लिहून गेले. जायचं कुठं, ते नाही लिहिलं. डिपॉझिट मालकाकडं अडकलंय. सोडलं तर हक्क गेला, राहिलं तर जीव. तूच सांग."

मला सांगता आले नाही. बायबल माझ्या पिशवीत होते. ते काढावे असे वाटले नाही.

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. राहण्यास अयोग्य ठरलेली इमारत सी-1 वर्गात जाते आणि ती लगेच रिकामी करायची असते. कायद्यात कमी काहीच नाही. मालक भाडे घेतो, तपासणीचा खर्च टाळतो. वर अनधिकृत मजला चढतो तेव्हा तो सगळ्या नाक्याला दिसतो; ज्यांनी पाहायचे त्यांनाच तो दिसत नाही. मतांच्या वेळी पाण्याची जोडणी मिळते, करपावती मिळते, त्या पावतीला माणसे घराचा कागद समजतात. इमारत पडली की मालकावर गुन्हा नोंदला जातो आणि दोन अधिकारी निलंबित होतात, जिलानीनंतर तेच झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण न्यायालयात प्रकरण गेल्याने आजींच्या भिंतीतली भेग थांबत नाही. नोटीस चिकटवली की आपली जबाबदारी संपली, ही आज आमच्या सगळ्यांची नीती झाली आहे: महापालिकेची, मालकाची, आणि मंडळीत बसून 'नोटीस दिली होती ना' म्हणणाऱ्या आमचीही.

वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो. संडे स्कूलमध्ये हातवारे करून गातो. खडक म्हणजे विश्वास, वाळू म्हणजे जगातील मोह, असा त्याचा अर्थ आम्हाला पाठ आहे. पण मत्तयात हा दाखला कुठे येतो ते पाहा. नुसते 'प्रभू, प्रभू' म्हणणाऱ्यांना देवाच्या राज्यात जागा नाही, या बोलण्याला जोडून तो येतो. ऐकले आणि केले नाही, त्याचे घर वाळूवर, असे तो सांगतो. आणि सांगणारा येशू सुताराच्या घरात वाढलेला होता. पाया, तुळई, दगड हे त्याच्या ओळखीचे विषय होते. भिवंडीच्या खाडीतून चोरटी वाळू उपसली जाते हे तिथे पोरासोरांना माहीत आहे. खाडीची वाळू खारी असते. धुतल्याशिवाय काँक्रीटमध्ये घातली की आतली सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटू लागतात. अशा वाळूने घर बांधून विकणाऱ्या कोणाला, एखाद्या मंडळीत दान दिले म्हणून, आम्ही पहिल्या बाकावर बसवले असेल. त्याला हा दाखला कोणी मोठ्याने वाचून दाखवला का?

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या. भिवंडीच्या कल्याण नाक्यावर सकाळी सातला उभे राहा, म्हणजे तो वाचावा लागणार नाही. हातात थापी, ओळंबा, पिशवीत डबा घेऊन माणसे उभी असतात. नऊला थोडी कमी होतात. बाराला उरतात ती वयाने मोठी, अंगाने खंगलेली, ज्यांना कोणी नेत नाही. दाखल्यातला धनी दिवस कलल्यावर पुन्हा बाजारात जातो आणि उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर असे का उभे? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. त्यांच्या आळसाबद्दल धनी एक शब्द बोलत नाही. शेवटच्यालाही पूर्ण दिवसाचे नाणे देतो, कारण त्याच्याही घरी चूल एकच आणि पोटे तेवढीच. आमच्या प्रवचनांत मात्र हा दाखला उशिरा विश्वास ठेवणाऱ्याच्या तारणाचा होतो. तोही अर्थ खरा आहे. पण त्या अर्थाच्या आड आम्ही नाक्यावरच्या माणसाला झाकून टाकले, हे पाप आहे आणि ते आमचे आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने तरी असे करू नये. आमच्यासमोर नमुने आहेत. 1896 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर त्यांनी आधी विहिरी खणल्या, शेत लावले, निवारा उभारला. ज्या बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले, तिने शब्दाच्या आधी पाणी शोधले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जागा होती. शिष्यत्वाला त्यांनी इतके मोठे दार ठेवले होते. आम्ही ते किती अरुंद केले! महिन्याचा दशांश भरला, नाताळात फराळ वाटला, उपासकाळात मांस टाळले, एखाद्या वस्तीत धान्याच्या पिशव्या देताना फोटो काढला, की शिष्य झालो.

खऱ्या शिष्याचे काम त्या पहाटे धामणकर नाक्यावर झाले. ज्यांनी अंधारात हातांनी विटा उपसल्या, त्यांच्यातल्या कोणी शोमरोन्याची गोष्ट ऐकली असेल असे मला वाटत नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ज्या गावाची ओळख करून ठेवली, त्याच गावात ढिगाऱ्याखालून हाक आली तेव्हा हाक कोणाची हे विचारायला कोणी थांबले नाही. आम्ही पंधरा किलोमीटरवर होतो आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेलो, त्या गोष्टीतल्या, जखमी माणसाला टाळून जाणाऱ्या याजकासारखे.

शिलोहाच्या बुरुजाला जोडूनच लूकने एक दाखला ठेवला आहे. एका मळ्यात अंजिराचे झाड होते. धनी तीन वर्षे फळ शोधत आला, मिळाले नाही. तोडून टाक म्हणाला. माळी म्हणाला, एवढे एक वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. त्यानंतरही फळ आले नाही तर तोडा. मुदत एका वर्षाची आहे. आणि त्या मुदतीत माळ्याने प्रार्थना करीन असे सांगितलेले नाही. खणीन, खत घालीन, असे सांगितले आहे. दोन्ही कामांत हात मातीने माखतात.

म्हणून ठाण्यातल्या, कल्याणच्या, वसईच्या मंडळ्यांना माझे सांगणे आहे. धोकादायक इमारतींची यादी महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी मागवा आणि रविवारी उपासनेत प्रार्थनेच्या विषयांसोबत वाचा. तुमच्यात अभियंते आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले लोक आहेत. एका मंडळीने एक इमारत घ्यावी. तपासणीची फी भरावी. भाडेकरूंचा हक्क लेखी नोंदवून घेण्यासाठी मालकाकडे आणि प्रभाग कार्यालयात त्यांच्यासोबत जावे, एकदा नाही, काम होईपर्यंत. चर्चच्या आवारातले हॉल वर्षातले किती दिवस रिकामे असतात याचा हिशेब करावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी ते उघडावेत. हे करताना कोणाला धर्म विचारू नये आणि आपलाही सांगत बसू नये.

मे महिन्यात मी पुन्हा आजींकडे गेलो होतो. नातवाने चौथी रेघ मारली आहे. ती जमिनीपासून एक फुटावर आहे.