अभिमान वेगळा, आनंद वेगळा

आपल्या मंडळाच्या मागील अंकात एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मुलांच्या खेळांविषयी लिहिलेला लेख मी दोनदा वाचला. त्यांचा व्यासंग आणि मराठीविषयीची तळमळ आपणा सर्वांस परिचित आहे. माझ्यावर तर त्यांचे वैयक्तिक ऋणही आहे. तरीही लेखातील मुख्य प्रतिपादन मला पटले नाही. ज्यांच्याविषयी आदर आहे त्यांच्याशी असलेला मतभेद मनातच ठेवणे हा काही आदर नव्हे, म्हणून हे लिहीत आहे.

स्नेह्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. हा आपल्या पुराणकथांवर बेतलेला, आपल्या मातीतला खेळ. तो खेळताना ज्या मुलास मजा येत नाही, त्याची अभिरुची परदेशी खेळांनी बिघडली आहे असे समजावे आणि पालकांनी त्याला तो आग्रहाने खेळावयास लावावे.

दिवाळीच्या सुटीत माझी बारा वर्षांची नात भोपाळहून मोहगावी आली, तेव्हा तो खेळ आम्ही दोघांनी मिळून खेळून पाहिला. बटणे तिच्या हाती, सूचना माझ्या. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते, दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून आपल्याला कळते. मी अक्षरशः हरखून गेलो. भिंतींवरील देवादिकांची चित्रे, राजस्थानी वळणाचे महाल पाहताना डोळे निवले. मधूनमधून छायाबाहुल्यांतून कथा सांगितली जाते. ती पाहून मला सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. राजी खांबाला धरून गिरकी घेते तेव्हा तर मल्लखांबच डोळ्यांपुढे उभा राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी नातीने खेळ थांबवला. म्हणाली, "आबा, दिसतं खूप छान. पण खेळायला मला मजा नाही येत. पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं."

स्नेह्यांच्या निकषाने माझी नात अभिरुचिभ्रष्ट ठरते. मला ते मान्य नाही. एक तर या खेळाविषयी जाणकारांतही एकमत नव्हते. त्यातील चित्रकला आणि संगीत यांची वाखाणणी झाली, नवोदितांच्या पहिल्या खेळासाठी असलेल्या 'द गेम अवॉर्ड्स'च्या २०२० मधील नामांकनांत त्याचे नावही आले; परंतु लढाईचा भाग तितकासा रंगत नाही, असेही अनेक समीक्षकांनी लिहिले. ज्यांचा व्यवसायच खेळ पारखण्याचा आहे, त्यांचे दुमत 'समीक्षा' ठरते. मग बारा वर्षांच्या मुलीचे मत तेवढे 'संस्कारांची उणीव' का ठरावे?

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. मला जो आनंद झाला तो ओळखीचा होता. आपले काहीतरी अनपेक्षित ठिकाणी भेटल्याचा होता. नात शोधत होती तो खेळण्याचा आनंद. दोन्ही खरे, पण एकाच्या पावतीवर दुसरा वसूल करता येत नाही. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात स्वेच्छा हे खेळाचे पहिले लक्षण मानले आहे. हुकुमावरून खेळलेला खेळ त्यांच्या मते खेळच उरत नाही. हे कळण्यासाठी मला अवघी नोकरी पुरली. शासकीय कार्यक्रमाचे प्रतिवेदन कित्येकदा आदल्या दिवशीच टंकलिखित होऊन तयार असे, आणि त्यात 'हर्षोल्लास के साथ संपन्न' हे शब्द ठरलेले असत. हर्ष झाला की नाही, हे जमलेल्यांना कोणी कधी विचारले नाही.

आपल्याकडच्या तान्ह्या पोळ्याकडे पाहावे. लाकडी बैल सजवून मुले घरोघर नेतात. त्यांना कोणी संस्कृतिरक्षणाची शपथ देत नाही. बैलाला चाके असतात, दोरी ओढली की तो मागे येतो, आणि घराघरांतून बोजारा मिळतो. म्हणून मुले तो ओढतात. संस्कृती त्या चाकांवरून आपोआप पुढे जाते. उलट, त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातील ही दगडफेक जुनी आहे, आपली आहे, आणि तिच्यात दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात. आजवर जीवही गेले आहेत. 'आपले आहे' एवढ्यावरून खेळाची किंमत ठरत नसते, याचा दाखला शोधावयास आपल्याला दूर जावे लागत नाही.

स्नेह्यांची एक गोष्ट मात्र मी निःसंकोच मान्य करतो. मजा येणे म्हणजे हित होणे नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांत मजा असतेच. तरीही संसदेला २०२५ मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. मुलाने काय आणि किती वेळ खेळावे, हे ठरवण्याचा पालकांचा अधिकार मी नाकारीत नाही. 'हे खेळू नकोस' असे आपण सांगू शकतो. 'यात तुला मजा आलीच पाहिजे' असे मात्र सांगू शकत नाही. तसे सांगितले तर मूल खोटे बोलावयास शिकेल, एवढेच.

हा वाद मला एका व्हिडिओ गेमपुरता वाटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये या भागाचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. एवढ्या काळात आपण मराठी जपली ती बव्हंशी कर्तव्यबुद्धीने. गणेशोत्सवातील नाटक रटाळ असले तरी टाळ्या वाजवल्या, कारण ते मराठी होते. आपली पिढी त्यावर निभावली. नातवंडे निभावणार नाहीत. त्यांच्यापुढे हिंदी आहे, इंग्रजी आहे, आणि दोहोंत मजाही आहे.

त्याच सुटीत नातीने तिच्या आवडीच्या 'माइनक्राफ्ट'मध्ये, म्हणजे स्वीडनमध्ये तयार झालेल्या ठोकळे रचण्याच्या खेळात, आमचा पडलेला जुना वाडा बांधावयास घेतला. ओसरी किती रुंद होती, माजघरातून परसात कसे जात, बळद म्हणजे काय, असे प्रश्न ती चार दिवस विचारत होती, आणि तेही मराठीत, कारण या शब्दांना तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. तुळशीवृंदावन तिने भलत्याच कोपऱ्यात बांधले. मी हरकत घेतली, तर म्हणाली, "आबा, इथून विहीर जवळ पडते." मी निरुत्तर झालो. परदेशी खेळाने मराठी तारली, असा निष्कर्ष मी काढत नाही. हौस जिथे होती तिथे भाषा आपल्या पायांनी आली, इतकेच मी पाहिले.

पुण्याच्या त्या मंडळींनी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागितली तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती. तरी त्यांनी काम तडीस नेले. त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. परंतु अशा कारागिरांचा खरा मान त्यांचा खेळ मनापासून खेळून मोकळेपणी मत देण्यात आहे. आरती ओवाळण्यात नाही.

स्नेह्यांना माझी विनंती आहे, की येत्या सुटीत त्यांनी आमच्याकडे यावे आणि आम्हा आजोबा-नातीच्या शेजारी बसून तो खेळ स्वतः खेळून पाहावा. त्यांना मजा आली तर ती खरी. नातीला आली नाही तर तेही खरे. आग्रह फक्त चहाचा राहील.