तळे कुणाचे, तिकीट कशाचे?

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे ही नावे ठाणेकरांच्या तोंडी आहेत. कल्याणला काळा तलाव आहे, दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडी आहे. डोंबिवलीकरांना मोठागावची खाडी आहे. समुद्र मात्र या शहरांच्या नशिबी नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि अर्नाळा, केळवे, डहाणू असा जुन्या ठाणे जिल्ह्याचा जवळजवळ सगळा समुद्रकिनारा तिकडे गेला. ठाणे जिल्ह्याकडे उत्तनचा तुकडा तेवढा राहिला. तेव्हा कळवा, दिवा, लोकमान्यनगर किंवा कल्याण पूर्वेच्या चाळीत राहणाऱ्या माणसाने रविवारी बायको-पोरांना घेऊन घटकाभर पाण्याकाठी बसायचे म्हटले, तर त्याच्यापुढे दोनच वाटा. एक तर तलावपाळी, नाही तर लोकल आणि एसटी पकडून दुसऱ्या गावाचा किनारा. आणि आता या दोन्ही वाटांवर पावती फाडणारा माणूस उभा राहू लागला आहे.

सुरुवात नेहमी सुशोभीकरणाने होते. तलावातला गाळ निघतो, कठडा बसतो, दिवे लागतात, कारंजी उडतात. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे निर्माल्याने आणि सांडपाण्याने सडलेला तलाव स्वच्छ झाला तर त्याचा पहिला फायदा गरिबालाच. पण कठड्यामागून फाटक येते, फाटकामागून वेळापत्रक येते, वेळापत्रकामागून देखभालीचा ठेकेदार येतो आणि ठेकेदारामागून तिकीट येते. ठाण्यात कोलशेतला फेब्रुवारी २०२४ मध्ये नमो सेंट्रल पार्क सुरू झाले. उद्यान देखणे आहे, तळेही आहे, आणि आत जायला तिकीट आहे. माणशी वीस रुपये जरी धरले तरी पाच माणसांच्या घराला दारातच शंभर रुपये पडतात. रिक्षाचे वेगळे. ज्याची रोजची हजेरी पाच-सहाशे रुपये आहे त्याच्यासाठी हे शंभर रुपये म्हणजे दुसऱ्या दिवशीची भाजी. तो फाटकापर्यंत येतो, पाटी वाचतो आणि पोरांना आइस्क्रीमच्या गाडीकडे वळवून परत फिरतो. त्याला कुणी हाकलले नाही, कुणी शिवी दिली नाही. तो आपणहून गेला, असे सगळे म्हणायला मोकळे!

तिकिटाच्या पुढची पायरी आहे रहिवाशाचा पास. "आम्ही घरपट्टी भरतो, मग बाहेरच्यांनी येऊन घाण का करावी? त्यांच्याकडून जादा पैसे घ्या, नाही तर रहिवाशांना ओळखपत्र द्या." ही भाषा घोडबंदर रोडच्या संकुलांमध्ये राहणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या गप्पांत सहज ऐकायला मिळते, आणि ऐकणाऱ्याला ती वाजवीसुद्धा वाटते. माथेरानला नगरपरिषद दस्तुरी नाक्यावर बाहेरून येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवासी कर घेतेच, मग आमच्या तलावाला काय हरकत, असा दाखलाही मिळतो. म्हणून या 'बाहेरच्या' शब्दाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. हा शब्द आमच्या ओळखीचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पण तळ्याच्या चहूबाजूंनी घरे कुणाची होती? वाट कुणाच्या दारावरून जात होती? तीन वर्षे एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्यात बुडाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंचा समुदाय घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जिवंत झाला. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले, नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपलाच ठराव मागे घेतला आणि १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लागला.

त्या दाव्यात वादींनी मांडले काय, हे आजच्या वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. तळे आमच्या आळीचे आहे, चौधरी तळे आहे, त्याचा वापर आमच्यापुरता चालत आलेला आहे, ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. धर्माची भाषा रस्त्यावर होती. न्यायालयात मात्र मालकीची आणि वहिवाटीची भाषा बोलली गेली. 'आमचे आहे, तुम्ही बाहेरचे', हाच त्या दाव्याचा गाभा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण अशी अनादि वहिवाट त्यांना सिद्धच करता आली नाही. दहा वर्षे लागली. एका तळ्यासाठी दहा वर्षे!

संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात चवदार तळ्याचे पाणी उतरले आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा शासनाच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखल्या जात असतील किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या असतील, तर त्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्यावरून कोणत्याही नागरिकाला मज्जाव करता येत नाही. यादीत तलाव आहे, घाट आहे, बाग म्हणा, चौपाटी म्हणा, तीही 'सार्वजनिक वावराच्या जागेत' बसते. पण एक शब्द या यादीत नाही. तो आहे 'निवास'. सरकारी नोकरीविषयीच्या १६व्या अनुच्छेदात जन्मस्थानाच्या जोडीला निवासही लिहिला आहे, १५व्यात नाही. आणि पैशाचा उल्लेख तर दोन्हीकडे नाही. म्हणजे जातीच्या नावाने तलाव बंद करणारा गुन्हेगार ठरतो. पत्त्याच्या आणि तिकिटाच्या नावाने बंद करणारा कार्यक्षम प्रशासक ठरतो. आपल्या शहरांत जात आणि पत्ता किती वेगळे आहेत, हे झोपडपट्टीचा नकाशा आणि तलावासमोरच्या इमारतींच्या नावांच्या पाट्या शेजारी ठेवून कुणीही पाहावे.

परदेशात हा वाद कधीच होऊन गेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एव्हन-बाय-द-सी या किनाऱ्यावरच्या छोट्या गावाने परगावच्या लोकांकडून किनाऱ्याचे जादा शुल्क घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या नेपच्यून सिटीने दावा लावला. १९७२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की समुद्र आणि त्याचा किनारा ही जनतेची ठेव आहे, नगरपालिका तिची विश्वस्त आहे. शुल्क घ्यायचेच तर सर्वांकडून सारखे घ्या. कनेक्टिकट राज्यात तर ग्रीनविचसारख्या धनिकांच्या गावाने किनारा फक्त रहिवाशांसाठी ठेवला होता. तो नियम २००१ मध्ये न्यायालयाने मोडला. त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, नेड कोल नावाचा कार्यकर्ता हार्टफर्डच्या गरीब वस्तीतील काळी आणि पोर्तो रिकन मुले बसमध्ये घालून अशा किनाऱ्यांवर नेत असे. रहिवाशांचा नियम रंगाबद्दल एक अक्षरही बोलत नव्हता, पण बाहेर राहत होती ती हीच मुले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९६ मध्ये, बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात, जनतेच्या ठेवीचे हेच तत्त्व स्वीकारले. समुद्रकिनाऱ्याच्या १९९१च्या नियमावलीत दोन हॉटेलांमध्ये किमान २० मीटरची मोकळी वाट ठेवा, असे लिहावे लागले, ते लोकांना वाळूपर्यंत पोचता यावे म्हणूनच.

आता रहिवासी म्हणजे कोण, हे तरी ठरवा! कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांची कथा पाहा. भोपर, सोनारपाडा आणि त्यांच्या शेजारची ही गावे महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली, २०२० मध्ये त्यातली १८ पुन्हा बाहेर काढण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिथला माणूस आपल्याच घरात बसून तीनदा आतला आणि दोनदा बाहेरचा झाला. त्याला काळ्या तलावाचा पास कोणत्या साली द्यायचा? दिव्यातल्या अनधिकृत इमारतीत भाड्याने राहणाऱ्याकडे, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे पत्त्याचा कोणता कागद मागायचा? आणि पहाटे तोच तलाव झाडून काढणारा कंत्राटी सफाई कामगार उल्हासनगरहून येत असेल, तर संध्याकाळी त्याच्या पोराने फाटकावर काय दाखवायचे? बापाचा झाडू?

पाण्याकाठी जागा न मिळालेली माणसे कुठे जातात, हेही एकदा बोलले पाहिजे. ती खदाणीवर जातात, नाल्याच्या डोहावर जातात. मे २०२२ मध्ये डोंबिवलीजवळच्या संदप गावात, याच २७ गावांपैकी एका गावात, खदाणीच्या पाण्यावर कपडे धुवायला गेलेल्या एकाच घरातल्या पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. गावात पाण्याची टंचाई होती. ते सहलीला गेले नव्हते, हे खरे. पण कारंज्यांसाठी पाणी आणि पैसा असलेल्या शहराच्या हद्दीत माणसे खदाणीत उतरतात, हे विसरून तलावाच्या तिकिटाची चर्चा करता येत नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. सुट्टीच्या दिवशी शहरातून गाड्यांच्या रांगा किनाऱ्यावरच्या लहान गावात उतरतात. दारूच्या बाटल्या, प्लास्टिक टाकून परततात. कोळी बायकांच्या सुकत घातलेल्या मासळीवरून मोटारी नेतात. तिथल्या ग्रामपंचायतीची ऐपत ती किती? जीवरक्षक ठेवायचा, कचरा उचलायचा, त्याला पैसा लागतो. तो मोटारीवर घ्या, हॉटेलवर घ्या, बंगलेवाल्यावर घ्या, घाण करणाऱ्याकडून दंड घ्या. आम्ही टाळ्या वाजवू. पण एसटीतून उतरून पायी वाळूवर आलेल्या माणसावर घेऊ नका. मोटार कचरा करते आणि पावती पायी चालणाऱ्याची फाटते, हा कुठला न्याय? तलावांचेही तसेच. नौकाविहाराचा ठेका, खाद्यपदार्थांचे गाळे, वाहनतळ, जाहिरातीचे फलक यांतून देखभालीचा खर्च काढता येतो. मासुंदा तलावाभोवती आजही कुणीही फुकट फिरतो, ज्याला हवे तो नावेत पैसे देऊन बसतो. तेवढ्याने शहर बुडालेले नाही.

आणि 'बाहेरचे' म्हणून बोटे दाखवणाऱ्यांनी दादरला येऊन जावे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते चौपाटीवर, समुद्राच्या काठी. दरवर्षी ६ डिसेंबरला विदर्भातून, मराठवाड्यातून, राज्याबाहेरून लाखो माणसे तिथे येतात. आसपासच्या काही घरांतून गर्दीची, घाणीची कुरबूर दरवर्षी ऐकू येते. या लाखोंत दादरचा रहिवासी किती? 'रहिवाशांचा किनारा' हे तत्त्व एकदा मान्य केले तर उद्या चैत्यभूमीच्या वाळूवर पास मागणारा उभा राहील. उपवनच्या काठी छठपूजेला उभ्या राहणाऱ्या उत्तर भारतीय बाईचा प्रश्न आमचा नाही, असे म्हणणाऱ्या आमच्यातल्या काही मित्रांनीही हे ध्यानात घ्यावे. फाटक एकदा बसले की ते कुणाकुणाला अडवील, हे बसवणाऱ्याच्या हातात राहते, आपल्या नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे मागणी साधी आहे. तलाव, खाडीकिनारा आणि चौपाटी यांच्या काठावर पायी जाण्याला कोणतेही शुल्क नसेल, रहिवासी आणि बाहेरचा असा दर कुठेही नसेल, असा ठराव महासभेत करा. देखभालीच्या निविदेत ही अट लिहा, म्हणजे ठेकेदाराला पळवाट उरणार नाही. ज्या तलावावर सार्वजनिक पैसा खर्च झाला त्याच्या फाटकावर खर्चाचा आकडा आणि 'प्रवेश सर्वांना मोफत' ही पाटी लावा. ठराव कागदावर राहू नये म्हणून काय करायचे, हेही बोल्यांनीच दाखवून ठेवले आहे. पहिला ठराव धूळ खात पडल्यावर ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला, की जी नगरपालिका आणि जे लोकल बोर्ड अंमलबजावणी करणार नाही त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. राज्याच्या नगरविकास खात्याने तलाव सुशोभीकरणाच्या निधीला आज हीच अट घालावी. निधी सुटण्याआधी फाटक उघडे आहे की नाही, ते पाहून यायला एक माणूस पाठवला तरी पुरे.