‘समाप्त’ ही पाटी कुठे गेली?

पूर्वी सिनेमाच्या शेवटी पडद्यावर ‘समाप्त’ अशी पाटी येत असे. ती दिसली की लोक अंधारात चपला चाचपू लागत. टेलिव्हिजनच्या मालिकांतून ही पाटी जवळजवळ हद्दपार झाली आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे. तक्रार कसली, भांडणच आहे. मालिका चांगली की वाईट, हे नंतर पाहू. ती संपणार केव्हा, एवढे आधी सांगा!

आमच्या हिंगोलीकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. कारण आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला शेवट असतो. हरिनाम सप्ताह नावाने ‘अखंड’. पण ठरल्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसाद होतो आणि मंडपवाला बांबू उपटायला हजर होतो. लोक कितीही डुलत असोत, प्रेक्षकांच्या आग्रहास्तव सप्ताहाचा पंधरवडा होत नाही. हिंगोलीच्या दसऱ्याला रावण जळतो म्हणजे जळतोच. “रावणाचं काम लोकांना फार आवडलं, दिवाळीपर्यंत राहू द्या,” असे कुणी म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. वसमतकडची हळद पाहा. मे-जूनमध्ये लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची, शिजवायची, वाळवायची आणि मोंढ्यावर न्यायची. भाव चढेल म्हणून कंद वर्षानुवर्षे जमिनीतच ठेवला तर काय होईल, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. कथेचेही तेच होते. कुजते.

नामदेव महाराज आमच्या नर्सीचे. त्यांच्या कीर्तनासाठी औंढ्या नागनाथाचे देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. पण तेही एकदाच फिरले! मालिकेचे कथानक वर्षातून चारदा फिरते आणि तेही कुणा संतासाठी नव्हे.

‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 साली सुरू झाली आणि 2013 साली संपली. तीन हजारांच्या वर भाग झाले. सासूचेच चार दिवस अकरा वर्षे चालले, तर सुनेच्या चार दिवसांचा हिशेब कुणी करायचा?

म्हणून म्हणतो, टेलिव्हिजनवर उत्तम असे जे काही आजवर झाले, त्यातले बरेचसे मोजूनमापून झाले. श्याम बेनेगल यांनी 1988 साली ‘भारत एक खोज’ आणली. पाच हजार वर्षांचा इतिहास, भाग 53! हल्ली 53 भागांत एक मंगळागौर उरकत नाही. याच बेनेगलांनी 2014 साली राज्यसभा टीव्हीसाठी ‘संविधान’ केली. घटना समितीला सुमारे तीन वर्षे लागली, बेनेगलांनी ते दहा भागांत दाखवले. गुलजारांचा ‘मिर्झा ग़ालिब’ही 1988 चाच. नसीरुद्दीन शाह आले, ग़ालिबचे आयुष्य जगले आणि गेले. पुढे ग़ालिबचा जुळा भाऊ आला नाही की ग़ालिबची स्मृती गेली नाही. शंकर नाग यांचे ‘मालगुडी डेज’ तर बहुतेक वेळा एकेका भागात एकेक गोष्ट संपवत असे. आणि आपले चिमणराव-गुंड्याभाऊ! प्रभावळकर आणि बाळ कर्वे या जोडीला 1970 च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर पाहिलेली माणसे आजही तो विषय निघाला की हसतात. पोट भरायच्या आत पान उचलले की चव अशी राहते.

आणखी एक गोष्ट. थोडक्यात सांगणाऱ्याला काही सांगायचे असते. गोविंद निहलानी यांची ‘तमस’ 1988 साली दूरदर्शनवर आली. भीष्म साहनींची फाळणीची कादंबरी. ती थांबवावी म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली. सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. हल्लीची एखादी मालिका निकालासाठी पूर्ण पाहायची ठरवली, तर न्यायमूर्ती निवृत्त होतील. पण तसा प्रसंग येणारच नाही. वर्षानुवर्षे चालायचे असेल तर कुणालाच दुखवून चालत नाही, आणि कुणालाच दुखवायचे नसेल तर दागिने आणि स्वयंपाकघर यांपलीकडे जाता येत नाही.

यावर आमचे शेजारी म्हणतात, “सर, कामून संपवायलाव? म्हाताऱ्या माणसाला तेवढीच सोबत असती.” या मुद्द्याला मात्र उडवून लावता येत नाही. कलावंतांची चूल त्यावर पेटते, हेही खरे.

पण सोबतीचे म्हणाल, तर माझ्या आत्याबद्दल सांगतो. ती कळमनुरीला राहायची. पांडवप्रतापाचे 64 अध्याय तिने कितीतरी चातुर्मासांत वाचले, आणि प्रत्येक वेळी समाप्तीचा नैवेद्य केला. अर्धी पोथी ठेवून ती कधी माहेरीसुद्धा आली नाही. शेवटची चार-पाच वर्षे डोळे गेले, तेव्हा ती एक मालिका ऐकायची. त्यातल्या मुलीला सासरचे लोक घरात घेतील की नाही, एवढीच तिला काळजी. मी गेलो की विचारायची, “घेतलं का रे तिला घरात?” मी म्हणायचो, “अजून नाही, आत्या.” ती गेली त्या दिवशीही ती मुलगी उंबऱ्याबाहेरच उभी होती. पुढे दोन वर्षे उभी होती. जन्मात एकही पोथी अर्धी न सोडलेल्या बाईला ही एक गोष्ट अर्धी सोडून जावे लागले. सोबत जरूर द्या हो, पण म्हाताऱ्या माणसाला शेवट ऐकवण्याची जबाबदारीही घ्या. त्यांच्याकडे भाग मोजकेच शिल्लक असतात.

विषय नाहीत म्हणावे, तर तेही नाही. सप्टेंबर 1948 मधली हैदराबादची पोलीस कारवाई 13 ला सुरू झाली आणि 17 ला निजाम शरण आला. पाच दिवस! त्याआधीचा मराठवाड्यातला लढा धरला तरी दहा भागांत छान बसेल. पण पाच दिवसांत निजाम शरण येतो, हे आमच्या मालिकावाल्यांना परवडायचे नाही. त्यांच्याकडे पाच दिवसांत साधी सासू शरण येत नाही.

माझी मागणी साधी आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी मालिकेच्या सुरुवातीला पाटी दाखवा : ‘एकूण भाग दहा, आज तिसरा’. म्हणजे माणसाला हिशेब करता येईल. आणि दहाव्या भागाच्या शेवटी ती जुनी पाटी झोकात येऊ द्या. आम्ही चपला शोधू, दिवे लावू, झाल्या गोष्टीवर चार शब्द बोलू आणि सुखाने झोपू.

मजकूर थोडा आणखी वाढवता आला असता. विषय लोकप्रिय आहे. पण नाही.

समाप्त.